मेशचा अहवाल सगळा हिरवा, तरी कोपऱ्यातला स्ट्रेस वाढतच जातो: नेमके चुकते कुठे?

दांडियाबाजारकर

नमस्कार. मी बडोद्यातल्या मकरपुऱ्यात एका कारखान्यात प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे आत दाब धरून ठेवणाऱ्या बंद भांड्यांच्या, डिझाइनचे काम करते. गेले तीन आठवडे एकाच प्रश्नात अडकले आहे, म्हणून तो सविस्तर मांडते.

व्हेसलचा आतला व्यास १५०० मिमी, शेलची (भांड्याच्या भिंतीची) जाडी १६ मिमी, आतला दाब १.२ मेगापास्कल आणि शेलवर एक नोझल (नळी जोडायचे तोंड), ज्याचे भोक २०० मिमीचे आहे. शेलमधला परिघी स्ट्रेस (धातूतला ताण) हाताने काढला तर सुमारे ५७ मेगापास्कल येतो, आणि नोझलपासून दूर मॉडेलमध्येही तेवढाच दिसतो, त्यामुळे तिथे समाधान आहे. अडचण आहे ती नोझल आणि शेल जिथे मिळतात त्या कोपऱ्यात. मॉडेलचे लहान तुकडे म्हणजे एलिमेंट आणि त्यांची जाळी म्हणजे मेश. पहिल्यांदा १० मिमीची मेश घातली तेव्हा तिथला सर्वाधिक स्ट्रेस १५१ आला. मात्र काही एलिमेंट गुणवत्ता अहवालात नारिंगी दिसत होते, म्हणून मी दोन आठवडे खपून भूमितीचे बारीक तुकडे केले आणि त्या भागातली मेश हाताने सुधारली. आता आस्पेक्ट रेशो (लांबी-रुंदीचे प्रमाण), स्क्यूनेस (तिरकेपणा), जेकोबियन ही एलिमेंटच्या आकाराची सगळी मापे हिरवी आहेत. मग मेश बारीक करत गेले: ५ मिमीला १९८, २.५ मिमीला २६८ आणि १.२५ मिमीला ३६६.

मेश जितकी सुंदर आणि बारीक, तितके उत्तर अधिक बिघडते, असा हा प्रकार आहे. आमच्याकडच्या एका वरिष्ठांचे म्हणणे असे की १० मिमीचा आकडा मर्यादेत बसतो, तर तोच अहवालात द्यावा आणि पुढच्या कामाला लागावे. तपासणी करणारी बाहेरची संस्था मात्र कन्व्हर्जन्स, म्हणजे मेश बारीक करताना आकडा स्थिरावतो हे, दाखवा म्हणते आहे. या चारांपैकी खरा आकडा कोणता?

जाळीवाला

ताई, उत्तर देण्याआधी दोन गोष्टी विचारतो. एलिमेंट चार नोडचा (जोडबिंदूंचा) टेट, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा तुकडा, आहे की दहा नोडचा? आणि नोझल-शेलच्या जोडावर वेल्डचा फिलेट (कोपरा भरणारा तिरपा भाग) मॉडेलमध्ये काढला आहे, की नोझलची भिंत शेलवर थेट काटकोनात टेकवली आहे?

दांडियाबाजारकर

एलिमेंट दहा नोडचा आहे. वेल्ड काढलेला नाही. तो काढला तर मेश बिघडते, म्हणून भूमिती साफ करतानाच मी तो गाळला. कोपरा नेमका ९० अंशांचा आहे.

कलाभवनचा जुना

मग चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि त्यातला एकही तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही. कोडे घातल्यासारखे वाटेल, पण तुम्ही दिलेल्या आकड्यांतच त्याचा उलगडा दडलेला आहे.

प्रत्येक आकड्याला त्याच्या आधीच्या आकड्याने भागून पाहा. १९८ भागिले १५१ म्हणजे १.३१, पुढचे प्रमाण १.३५ आणि त्यापुढचे १.३७. उत्तर स्थिरावत असते तर हे प्रमाण १ कडे सरकले असते. तुमचे प्रमाण १.३७ पाशी स्थिरावते आहे. हा १.३७ कुठून आला ते सांगतो. विल्यम्स यांनी १९५२ मध्ये असे दाखवले की लवचीक पदार्थात आत वळलेला तीक्ष्ण कोपरा असेल तर त्याच्या टोकाशी स्ट्रेस अनंताकडे जातो, आणि किती वेगाने जातो ते केवळ कोपऱ्याच्या कोनावर ठरते. ९० अंशांच्या खाचेसाठी, म्हणजे जिथे धातू २७० अंश व्यापतो तिथे, स्ट्रेस अंतराच्या उणे ०.४५५ या घाताप्रमाणे वाढतो. मेशचा आकार निम्मा केला की तुम्ही टोकाच्या दुप्पट जवळ जाता, म्हणून आकडा २ च्या ०.४५५ व्या घाताने गुणला जातो. तो गुणाकार करून पाहा, १.३७ येतो. चिरेच्या बाबतीत हाच घात ०.५ असतो, आणि मग प्रमाण १.४१ येते.

थोडक्यात, सॉफ्टवेअरने आपले काम चोख केले आहे. तुम्ही त्याला दिलेल्या गणिती प्रश्नाचे खरे उत्तर त्या बिंदूपाशी अनंत आहे, आणि ते बिचारे प्रत्येक बारीक मेशनिशी प्रामाणिकपणे त्या दिशेने चालले आहे. १० मिमीचा १५१ म्हणजे अनंताकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक मैलाचा दगड आहे. तो मर्यादेत बसतो म्हणून अहवालात घालणे म्हणजे सुरतेला निघालेल्या गाडीतून भरूचला उतरून सुरत आली असे सांगण्यासारखे आहे.

वेल्ड गाळलात ही एक गोष्ट मात्र खटकली. ४५ अंशांचा फिलेट काढला असता तर पायथ्याशी खाचेचा कोन १३५ अंश झाला असता, घात ०.३२६ पर्यंत उतरला असता आणि दर निमपटीला प्रमाण सुमारे १.२५ राहिले असते. वाढ तरीही थांबली नसती, पण मॉडेल प्रत्यक्ष वस्तूच्या जवळ गेले असते. मेश सुंदर दिसावी म्हणून वस्तू बदलणे हा उलटा व्यवहार झाला.

नवशिक्या मांजलपूर

मी शेवटच्या वर्षात शिकतो. कॉलेजात आम्हांला पहिल्या दिवसापासून सांगितले जाते की जेकोबियन ०.७ च्या वर हवा, आस्पेक्ट रेशो ५ च्या आत हवा, आणि मग उत्तर बरोबर येते. आता वरचे वाचून असे वाटते की गुणवत्तेचा आणि अचूकतेचा संबंधच नाही. मग हे तपासायचे तरी कशाला?

जाळीवाला

संबंध आहे, पण तुम्हांला शिकवला गेला तसा नाही. आधी जेकोबियन म्हणजे काय ते पाहू. सॉफ्टवेअर प्रत्येक एलिमेंटचे गणित एका आदर्श चौकोनावर किंवा आदर्श टेटवर करते आणि मग तो आकार ताणून, पिळून तुमच्या भूमितीत बसवते. या ताणण्याचे स्थानिक माप म्हणजे जेकोबियन. ते सगळीकडे सारखे असेल तर एलिमेंट फारसा पिळलेला नाही. ते कुठे शून्याखाली गेले तर एलिमेंट स्वतःतच उलटला आहे आणि गणिताला अर्थ उरत नाही. दहा नोडच्या टेटमध्ये हे पुष्कळदा गोल पृष्ठावर घडते, कारण कडेच्या मधला नोड खऱ्या वक्रावर ढकलला जातो आणि एलिमेंट जाड असेल तर समोरची बाजू ओलांडतो. शून्याखालचा जेकोबियन ही निर्विवाद चूक आहे. पण ०.७ हा आकडा कोणत्याही प्रमेयातून आलेला नाही. ती कामाच्या अनुभवातून रूढ झालेली सवय आहे, आणि ती कंपनीगणिक बदलते.

कोनांच्या बाबतीत गणितज्ञांनी बरेच काम केले आहे आणि त्यात एक गंमत आहे. झ्लामल यांनी १९६८ मध्ये त्रिकोणी एलिमेंटसाठी अशी अट मांडली की सर्वांत लहान कोन फार लहान नसावा. पुढे बाबुश्का आणि अझीज यांनी १९७६ मध्ये दाखवले की खरा अपराधी लहान कोन नसून १८० अंशांकडे झुकणारा मोठा कोन आहे. सुईसारखा लांबट त्रिकोण, ज्याचा एक कोन अगदी लहान पण बाकीचे दोन नव्वदीच्या आसपास, तो चालतो. दाबून चपटा केलेला त्रिकोण चालत नाही. अहवालात मात्र दोघांनाही आस्पेक्ट रेशोच्या एकाच खात्यात लाल शेरा मिळतो. लांब शेलमध्ये, नोझलपासून दूर, अक्षाच्या दिशेने स्ट्रेस जवळजवळ बदलत नाही. तिथे एलिमेंट त्या दिशेने दहापट लांब असला तरी काही बिघडत नाही. तोच एलिमेंट आडवा, म्हणजे जिकडे स्ट्रेस झपाट्याने बदलतो त्या दिशेने लांब ठेवला, तर बिघडते.

आता उलट बाजू. चार नोडचा साधा चौकोनी एलिमेंट घ्या, अगदी चौरस. आस्पेक्ट रेशो १, स्क्यूनेस शून्य, जेकोबियन सगळीकडे सारखा: गुणवत्तेच्या अहवालात याहून सुंदर काही असूच शकत नाही. त्याच्या एकाच थराने पट्टी बनवा आणि तिला शुद्ध वाकण द्या. पूर्ण इंटिग्रेशन असेल, म्हणजे एलिमेंटचा हिशेब आतल्या सगळ्या ठरावीक बिंदूंवर केला असेल, आणि पॉइसन गुणोत्तर (ताणल्यावर पदार्थ आडवा किती आकसतो त्याचे माप) ०.३ असेल, तर एलिमेंटचा वाकणातला कडकपणा खऱ्याच्या १.४८ पट निघतो, म्हणजे वाक खऱ्याच्या केवळ ६७ टक्के दिसतो. हे कागदावर दहा मिनिटांत काढता येते: चार नोडच्या एलिमेंटच्या कडा सरळच राहतात, त्यामुळे वाकताना त्यात नसलेला शिअर (थर एकमेकांवरून सरकवणारा ताण) शिरतो आणि त्याची ऊर्जा हिशेबात धरली जाते. एलिमेंटची लांबी उंचीच्या दहापट केली तर कडकपणा सुमारे ४० पट होतो आणि वाक अडीच टक्क्यांवर येतो. यालाच शिअर लॉकिंग म्हणतात. आजची बरीच सॉफ्टवेअर जादा वाकणाचे आकार घालून हा दोष काढतात, पण तो पर्याय चालू आहे की नाही हे पाहायचे काम आपले.

माझाच अनुभव सांगतो. सुरुवातीच्या नोकरीत एका ब्रॅकेटला मी चार नोडच्या टेटनी भरले होते. मेश देखणी, अहवाल हिरवा, आणि वाक चाचणीत मोजलेल्याच्या निम्म्याहूनही कमी. ग्राहकासमोर बसून तीन तास आम्ही चाचणीच्या यंत्रावर संशय घेत होतो. यंत्र निर्दोष होते.

ट्रान्सफॉर्मरवाली

विषय यांत्रिक आहे तरी लिहिते, कारण बडोद्यात ट्रान्सफॉर्मरचे काम करणारे आपल्यापैकी पुष्कळ आहेत आणि आमच्याकडे नेमके हेच रडगाणे विद्युत क्षेत्राच्या बाबतीत चालते. तेलात बुडालेल्या वाहकाचा कोपरा बाहेरच्या बाजूने ९० अंशांचा काढला की तेलाच्या बाजूने ती २७० अंशांची जागा होते, आणि तिथले विद्युत क्षेत्र मेश बारीक करावी तसे वाढत जाते. आमच्या समीकरणात घात एक तृतीयांश येतो, म्हणून दर निमपटीला १.२६ हे प्रमाण दिसते. आमच्याकडच्या एका नवख्या मुलाने असा आकडा काढून इन्सुलेशनची जाडी वाढवायचा प्रस्ताव तयार केला होता.

आमचा उपाय सोपा आहे: प्रत्यक्ष वाहकाच्या कडेला जी गोलाई असते, तीच मॉडेलमध्ये घालायची. गोलाई घातली की आकडा स्थिरावतो. मात्र त्या गोलाईवर पुरेसे एलिमेंट हवेत, नाहीतर गोल कडाही सॉफ्टवेअरला तीक्ष्णच दिसते.

जाळीवाला

ताईंनी गोलाईचा विषय काढला म्हणून एक हिशेब देतो. ५० मिमी त्रिज्येचे भोक सरळ कडांच्या आठ एलिमेंटनी घेरले तर कडेच्या मध्यभागी भूमिती ३.८ मिमीने चुकते. चोवीस एलिमेंटनी घेरले तर ०.४३ मिमीने. मधल्या नोडचा एलिमेंट वक्रावर बसतो म्हणून तिथे ही चूक आणखी पुष्कळ कमी होते. भोकाच्या पट्टीत सर्वाधिक स्ट्रेस दूरच्या स्ट्रेसच्या तिप्पट असतो हे कर्श यांनी १८९८ मध्ये काढले. नवशिक्या, तुम्ही सॉफ्टवेअर शिकत असाल तर पहिला आठवडा याच एका पट्टीवर घालवा. रुंद पट्टी, छोटे भोक, आणि किती एलिमेंटला ३ च्या किती जवळ जाता ते वहीत लिहून ठेवा. त्या वहीचा उपयोग पुढची वीस वर्षे होतो.

कोयलीकर

मी तपासणीच्या बाजूचा माणूस आहे. चालू कारखान्यांतल्या व्हेसल उघडून आत शिरणे हा माझा धंदा, त्यामुळे थोडे रोखठोक लिहितो, राग मानू नये.

पहिली गोष्ट, तुम्ही सगळे ज्या कोपऱ्याला अनंत स्ट्रेस देऊन बसला आहात, तिथे धातू स्थानिक पातळीवर थोडा बसतो, म्हणजे कायमचा ताणला जातो, आणि प्रश्न मिटतो. स्थिर दाबाच्या व्हेसलमध्ये त्या एका बिंदूमुळे काही फुटत नाही. जिथे दाब किंवा तापमान वारंवार वरखाली होते तिथे मात्र वेल्डच्या पायथ्याशीच चीर सापडते, आणि ती सापडते तेव्हा बहुधा पायथ्याशी कापलेली खाच, गोलाई न घासलेला मणी (वेल्डचा फुगवटा) किंवा अपुरा शिरलेला वेल्ड यांपैकी काहीतरी असते. तुमच्या मॉडेलमध्ये यांतले काय आहे?

दुसरी गोष्ट, इतका वेळ मेशवर चर्चा झाली, पण आधाराच्या प्रतिक्रियांची, म्हणजे मॉडेलला धरून ठेवायला आधार जी बले देतात त्यांची, बेरीज कोणी विचारली नाही. ताई, तिन्ही दिशांना बेरीज करून पाहिलीत का?

दांडियाबाजारकर

कोयलीकर काका, प्रतिक्रिया पाहीन. आज एवढेच कळवते की जुन्या सरांच्या सूचनेनंतर मी तीक्ष्ण कोपऱ्याचा आकडा सोडून दिला आणि शेलच्या जाडीतून आरपार जाणाऱ्या रेषेवर स्ट्रेसचे सरळरेषीकरण केले, म्हणजे पटलीय भाग आणि वाकणाचा भाग वेगळे काढले. चारही मेशवर पटलीय अधिक वाकण असे आले: १३९, १४३, १४४, १४४. कोपऱ्यातला आकडा अडीचपट झाला आणि हा जागचा हलला नाही! आनंद झाला, पण हे असे का होते ते मला समजलेले नाही, आणि न समजता अहवालात घालायचा धीर होत नाही.

शिवाय हे व्हेसल दिवसातून काही वेळा भरले आणि रिकामे केले जाते, म्हणून फटीगचा, म्हणजे वारंवारच्या भाराने चीर पडण्याचा, प्रश्नही आहे. त्यासाठी कोणता आकडा धरावा?

कलाभवनचा जुना

न समजता न घालण्याचा तुमचा निर्णय मला सर्वांत आवडला.

कारण असे आहे. स्ट्रेस टोकाशी अनंताकडे जातो, पण घात ०.४५५ म्हणजे १ पेक्षा कमी असल्यामुळे त्या आलेखाखालचे क्षेत्रफळ मर्यादितच राहते. सुळका उंच होतो तसा तो बारीकही होत जातो. पटलीय स्ट्रेस म्हणजे जाडीभरची सरासरी, आणि वाकणाचा भाग म्हणजे जाडीभरच्या स्ट्रेसचे आघूर्ण. दोन्ही क्षेत्रफळावर ठरतात, सुळक्याच्या उंचीवर नाही. शिवाय या दोन्ही राशी बाहेरच्या बलांशी समतोलाने बांधलेल्या असतात, त्यामुळे ठीकठाक मेशवरही त्या लवकर स्थिरावतात. एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या प्रेशर व्हेसल नियमावलीत (सेक्शन ८ डिव्हिजन २) डिझाइनच्या मर्यादा पटलीय, वाकण आणि शिखर अशा वेगवेगळ्या वर्गांना वेगवेगळ्या लावल्या आहेत, त्यामागे हाच विवेक आहे. म्हणून मेश पुरेशी आहे का, हा प्रश्न कधीही एकटा विचारायचा नसतो. कोणत्या आकड्यासाठी पुरेशी, हे त्याला जोडूनच विचारायचे असते. तुमची १० मिमीची, नारिंगी ठिपक्यांची पहिली मेश सरळरेषीकरणासाठी चार टक्क्यांच्या आत बरोबर होती. दोन आठवड्यांची साफसफाई त्या आकड्यासाठी अनाठायी होती, आणि कोपऱ्यातल्या आकड्यासाठी निरुपयोगी.

फटीगसाठी दोन वाटा आहेत. पहिली वाट वेल्डच्या पायथ्यापासून थोडे दूर स्ट्रेस वाचून मागे ताणण्याची, जिला हॉट स्पॉट पद्धत म्हणतात: पायथ्यापासून जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर, तुमच्या बाबतीत ६.४ आणि १६ मिमीवर, पृष्ठावरचा स्ट्रेस घ्या, पहिल्याला १.६७ ने गुणा आणि त्यातून दुसऱ्याची ०.६७ पट वजा करा. दोन्ही बिंदू सुळक्याच्या बाहेर असल्यामुळे आकडा मेशवर फारसा हलत नाही. दुसरी वाट पायथ्याची खरी गोलाई मॉडेलमध्ये घालून तिथला शिखर स्ट्रेस काढण्याची. कारखान्यात पायथा घासून गोलाई देणार असाल आणि ती मोजणार असाल तरच ही वाट धरावी. कागदावर गोलाई आणि वर्कशॉपमध्ये ओबडधोबड मणी, असे झाले तर हिशेब कोणत्या व्हेसलचा केला असे विचारायची वेळ येते.

आता वरिष्ठांच्या सल्ल्याविषयी, म्हणजे जाड मेशचा सोयीचा आकडा घेण्याविषयी, एक जुनी घटना सांगतो, कारण आपल्या विषयात ती प्रत्येकाला माहीत असायला हवी. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये स्लाइपनेर ए या तेलमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात असताना भिंत फुटून तळाशी गेला. मनुष्यहानी झाली नाही, पण एकूण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर इतके सांगितले गेले. तीन कोठ्या जिथे मिळतात त्या त्रिकोणी जागेच्या भिंतींसाठी एलिमेंट फार मोठे आणि तिरके घेतले होते, आणि त्यामुळे तिथला शिअर ४७ टक्क्यांनी कमी आला होता. अपघातानंतर बारीक मेशने केलेल्या हिशेबात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली. दोष केवळ मेशचा नव्हता, त्या जागेतल्या सळ्याही आखूड पडल्या होत्या. पण शिअर खरा दिसला असता तर सळ्यांकडे कोणीतरी पाहिले असते. लक्षात घ्या, तिथे कोपऱ्यातला अनंत सुळका हा मुद्दाच नव्हता. चुकला तो भिंतीतला एकूण शिअर, म्हणजे समतोलाशी बांधलेली राशी, जी शेजारच्या भागाच्या हाताने केलेल्या हिशेबावरून पडताळता आली असती.

नवशिक्या मांजलपूर

सर, एक शंका. आता सॉफ्टवेअरमध्ये आपोआप मेश सुधारण्याची सोय असते. चूक किती आहे ते तेच मोजते आणि हवे तिथे एलिमेंट बारीक करते. मग माणसाने इतका विचार करायची गरज किती दिवस राहणार?

जाळीवाला

ती सोय उत्तम आहे आणि मी ती रोज वापरतो, पण ती कशावर चालते ते पाहा. हिशेबात स्ट्रेस एलिमेंटच्या आतल्या ठरावीक बिंदूंवर सर्वांत विश्वासार्ह असतो. नोडवरचा आकडा त्यांवरून ताणून काढलेला असतो, आणि एका नोडला चार एलिमेंट लागले तर चार वेगळे आकडे मिळतात. रंगीत चित्रात आपल्याला दिसते ती त्यांची सरासरी. झिन्केविच आणि झू यांनी १९८७ मध्ये जी पद्धत मांडली तिचे सूत्र असे की एलिमेंटचा कच्चा स्ट्रेस आणि सरासरीने गुळगुळीत केलेला स्ट्रेस यांतली तफावत हेच चुकीचे माप मानावे. ही कल्पना साधी आणि फार उपयोगी आहे. सरासरी बंद करून चित्र पाहिले तर शेजारच्या एलिमेंटच्या रंगांत उड्या दिसतात, आणि त्या उड्यांवरून कुठे मेश अपुरी आहे ते नुसत्या डोळ्यांनी कळते. मी कुणाचाही अहवाल पाहताना आधी तेच चित्र मागतो.

पण ताईंच्या मॉडेलवर ही सोय चालू केली आणि लक्ष्य म्हणून सर्वाधिक स्ट्रेस दिला तर काय होईल? सगळी बारीक मेश त्या एका कोपऱ्यात जाईल, संगणक तिथे विहीर खणत बसेल आणि पाणी कधीच लागणार नाही. कोपरा खरा आहे की आपण आळसाने तीक्ष्ण काढला आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

ट्रान्सफॉर्मरवाली

विहिरीची उपमा आमच्या विभागात उद्याच वापरते.

दांडियाबाजारकर

दहा दिवसांनी लिहिते आहे, उशीराबद्दल क्षमस्व. काम पुरे झाले, म्हणून काय केले ते नोंदवून ठेवते.

वेल्डचा फिलेट परत आणला. हॉट स्पॉटसाठी ६.४ मिमीवर १२७ आणि १६ मिमीवर ९६ असे स्ट्रेस मिळाले. त्यावरून पायथ्याशी १४८ येतो, जो सरळरेषीकरणाच्या १४४ च्या जवळ आहे. आमच्याकडे हा पायथा घासून ६ मिमीची गोलाई द्यायचे ठरले आहे, म्हणून गोलाईचे मॉडेलही केले. तिथे ४, २ आणि १ मिमीच्या मेशवर १८२, २०१, २०७ असे आकडे आले. फरक १९ वरून ६ वर उतरला, म्हणजे तिपटीहून थोडा जास्त घटला. त्याच प्रमाणाने पुढचे सगळे फरक जोडत गेले तर आकडा सुमारे २१० वर थांबतो. एक मिमीच्या मेशची चूक त्यामुळे दीड टक्क्याच्या आत असल्याचे दाखवता आले. या मॉडेलच्या गुणवत्ता अहवालात अकरा एलिमेंट नारिंगी होते. ते कुठे आहेत हे पाहिले, सगळे नोझलच्या वरच्या टोकाशी निघाले, आणि तसेच राहू दिले. महिन्यापूर्वी मला हे जमले नसते.

आता कोयलीकर काकांजवळ माझी एक कबुली. त्यांनी सांगितलेली प्रतिक्रियांची बेरीज मी "पाहीन" म्हणून बाजूला ठेवली होती. अहवाल पाठवला, तपासणी करणाऱ्यांनी मेशची चार पाने उलटली, मान डोलावली आणि एकच प्रश्न विचारला: नोझलच्या अक्षाच्या दिशेने आधाराची प्रतिक्रिया किती? घरी येऊन पाहिली तर ३७.७ किलोन्यूटन. ती शून्य असायला हवी होती, कारण बंद भांड्यात आतला दाब स्वतःला तोलून धरतो. २०० मिमी व्यासाच्या भोकाचे क्षेत्रफळ गुणिले १.२ मेगापास्कल किती होते ते मी कॅल्क्युलेटरवर काढले आणि उत्तर पाहून डोक्याला हात लावला. नोझलच्या टोकावर झाकणाची जी ओढ असते, तीच मी लावायला विसरले होते. चारही मेशमध्ये, सगळ्या हिरव्या आणि नारिंगी एलिमेंटसकट, तेच बल गायब होते, आणि उत्तरे एका चुकीच्या प्रश्नाकडे अगदी शिस्तीत स्थिरावत होती.

कोयलीकर

घडते. बल लावल्यावर आकडा कुठे गेला?

दांडियाबाजारकर

सरळरेषीकरणाचा आकडा १४४ वरून १६१ झाला. मर्यादेच्या अजून बराच आत आहे. गोलाईचे मॉडेल पुन्हा चालवायला लावले आहे, उद्या सकाळी पाहीन. प्रतिक्रियांची बेरीज मात्र रात्रीच तपासून झाली आहे: नोझलच्या दिशेने शून्य.